चौथा प्लग

बाबा,

बाळाला लस टोचायला नेतेय. तुमचे चिरंजीव काल पुन्हा म्हणाले, "बाबांचे हात थरथरतात, पिकअप गाडी मेकॅनिककडेच टाकू." नातवाला उचलताना ते हात कसे स्थिर असतात, हे यांना कुठे दिसतं!

बाळ झोपलं तेवढ्यात तीन स्पार्क प्लग मी बदलले. तुम्ही शिकवलंत तसे आधी बोटांनीच फिरवून बसवले, पाना शेवटी लावला. चौथा मात्र वाकडा जातोय. जोर केला तर आटे जातील, म्हणून थांबले.

एकट्याने हात घालू नका. मी आल्यावर प्लग मी फिरवते, तुम्ही शेजारी उभं राहून मला ओरडा. तरी नाहीच जमलं, तर मेकॅनिकला बोलावू. पण फोन तुम्ही करायचा, यांनी नाही.

तुमची सून