कुत्रा खाली बसला

ताई,

हे पत्र टाकायची हिंमत होणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

तीस वर्षं टोळीचा माल लपवला, आता पोलिसांचा खबरी झालोय. आज गोदामातली पोकळ भिंत दाखवली, तर साहेब म्हणाले, "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मग त्यांचा कुत्रा आला. अमली पूड सापडली की तो भुंकत नाही, नुसता खाली बसतो. त्यानं भिंत हुंगली आणि बसला. अंगावर काटा आला गं! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या शब्दाला साक्ष दिली.

आपल्या धाकट्याचा जीव घेणारी पूड याच भिंतीतून गेली होती. तुला मात्र म्हणालो, मला काही ठाऊक नाही.

निघताना कुत्रा वळला, साबणानं धुतलेले माझे हात त्यानं हुंगले आणि तितक्याच शांतपणे माझ्यासमोरही बसला.

तुझा,
मधला