खिडकीवरचा गेरू

४ फेब्रु. मंगळवार
रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय. कूस बदलली की बरगडीत कळ येती, आन् हे दाराला पाठ लावून बसलेले. कारण एवढंच, पोरीनं, चिऊनं दूध सांडलं. तिला मारायला उठले, मी मदी पडले. थापीचा दांडा बसला. गवंड्याची थापी, लोकाच्या भिंती बांधायची. शेजारची अक्का बोळातल्या खिडकीतनं वरडली, "ए बाबा, सोड तिला, गल्ली गोळा करते." तवा सोडलं. त्या खिडकीनंच वाचवलं परत.

६ फेब्रु.
आज ह्यांनी जिलेबी आणली. "तुझं तोंड बघून मलाच कसंतरी हुतंय." अक्काला बी दिली, हात जोडले. ती बोळात आमच्या खिडकीखाली बिड्या वळत बसती, मला बी पानं कापायला देती. म्हनली, "सुधारला गं, एम्मा." ती तेलगू, मला बाई म्हणायच्या जागी एम्माच म्हनती.
मग हे म्हनले, गवंड्याचं घर आन् उघड्या विटेचं, लोक हसत्यात. प्लास्टर परवडत न्हाय. मी म्हटलं, अवं, आमच्या माहेरी फटीत सिमिट भरून गेरू मारायचे, सांध्यावर चुन्याची रेघ. स्वस्तात लई नामी दिसतं.
"तुला बी डोकं हाय की." लई दिसांनी हसले. मला बरं वाटलं.

९ फेब्रु. रवि.
तारेच्या ब्रशनं विटा घासल्या. नाकातोंडात लाल माती. दुपारी म्हनले, आणिक दोन घमेली सिमिट-वाळूचा माल कालव. कालवला. वाटलं वरच्या फटीला लागंल. बघते तर खिडकीत विटा लावायलेत.
अवं, हे काय.
"भिंत एकसारखी दिसाया पायजे की."
उजेड कुटनं येणार म्हटलं, तर घमेलं फेकून मारलं. कपाळ फुटलं. रक्त मालात पडलं. तोच माल थापीनं उचलून लावला. पलीकडनं अक्का "एम्मा, एम्मा" करत हुती. शेवटची वीट बसली आन् आवाज बारका झाला.

१० फेब्रु.
दादाचा मिस कॉल. फोन थापीनं फोडला, मग मला धरलं. केस, भिंत, परत केस. चिऊ कोपऱ्यात कानावर हात ठिवून.
अक्काला हाक मारली. भिंतीतनं जाती का न्हाय

१२ फेब्रु. बुध.
गेरूत डिंक घातला, वाळला की बोटाला लागत न्हाय. बाहेरनं सगळी भिंत मीच रंगवली. खिडकीची जागा बी. हे चिऊला कडंवर घेऊन मागं उभे. तिच्या मानेवर हात. हळू म्हनले, "रेघ हालली तर बघ."
हालली न्हाय.
बाया बघायला आल्या. अक्का तेवढी न्हवती, बिड्या द्यायला कारखान्यात गेलेली. "नशीब काढलंस गं, नवरा किती करतोय घराचं." कपाळाला काय झालं म्हनल्या. हेच म्हनले, "घमेलं पडलं, आमची बाई जरा धांदरट." हसल्या. एकीनं इचारलं, हितं खिडकी हुती न्हाय का. दुसरी म्हनली, "छे, कुटं." मला बी जागा घावंना. माझाच हात.
एक फट मातर सोडली. खाली, शेगडीमागं. माल न्हाय भरला, चिंधी कोंबून वरनं गेरू मारला. ह्यांना दिसलं न्हाय. बिडी जाईल एवढीच.

१५ फेब्रु. शनि.
दोन्ही दारांना बाहेरनं कुलूप लावून कामाला गेले. सकाळी मागल्या दारापाशी विटा आणून टाकल्यात. "उद्या हे बी दार बुजवू. माल तूच कालव. गेरू उरलाय की अजून." चिऊला उद्या सकाळी आत्याकडं सोडणार म्हने. मग घरात मी आन् हे. पोरगी न्हाय, मागलं दार न्हाय. काल रात्री गळा धरला तवा चिऊ उठली म्हणून हात सुटला. उद्या कोण उठंल.

वहीची ही पानं फाडून बिडीसारखी वळते. बांधायचं सूत अक्काच्या बिड्यांचंच. चिंधी काडीनं ढकलली, भाईर उजेड दिसतोय. अक्का बसली असंल. तिला मराठी वाचता येत न्हाय, ती कुणाला तरी दावंल. ह्यांना दावू नये एवढंच. हे जिलेबी आणतील, गोड बोलतील.
जो कोण हे वाचतोय, माझ्या दादाला फोन करा. संतोष नाव. नंबर पानाच्या पाठीमागं लिवलाय. सात रस्ता चौकात टायरच्या दुकानात असतो. म्हणावं आजच ये, उद्यावर टाकू नको. म्हणावं खिडकी शोधू नको, ती दिसणार न्हाय. बोळात ये, वाकून बघ, खाली फट हाय. तितनं हाक मार.