फोटोतला हात

इंदापूर,
रविवार

प्रिय प्रगती,

पत्र बघून दचकू नकोस. माझ्याकडं सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. मागच्या वेळी मी केला तेव्हा तुझ्या सासूबाईंनीच उचलला आणि काय काम आहे तेही त्यांनीच विचारलं. म्हणून हे तुझ्या कन्हेरीच्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. पोरं घरी गेली की दार लोटून घे आणि मग वाच. वाचून फाडून टाकलंस तरी मला वाईट वाटणार नाही.

माझं दुकान तुला माहीतच आहे, स्टँडसमोरचं. लग्नपत्रिका, अर्ज, पोरांचे प्रकल्प, दशक्रियेची कार्डं, जे येईल ते. दिवाळीनंतर आपल्या शाळेचं काम आलं. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली. समितीचे अध्यक्ष तात्या स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, “आपल्याच शाळेची पोरगी हाय, बाहेर कशाला द्यायचं?” खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, शाळेनं आठवण ठेवली.

पेन ड्राइव्ह उघडला आणि पहिली किळस तिथंच आली. नुसता उकिरडा. कुणाचा लेख जुन्या फॉन्टमध्ये, उघडला की चौकोनच चौकोन. फोटो व्हॉट्सअपवरून उचलून वर्डमध्ये कुठंही डकवलेले. तू वर्डमध्ये कधी फोटो टाकलास का गं? नुसता डकवला तर तो ओळीतल्या एखाद्या मोठ्या अक्षरासारखा बसतो. वर दोन शब्द वाढवले की घसरून पुढच्या पानावर जातो आणि त्याची फोटोओळ मात्र मागंच राहते, दुसऱ्याच फोटोच्या पायाशी. वारलेल्या हेडसरांच्या फोटोखाली “वृक्षारोपण करताना आठवीच्या विद्यार्थिनी” आणि लिंबाच्या रोपाखाली “भावपूर्ण श्रद्धांजली”. कुणीतरी एंटर दाबदाबून ते खाली ढकलायचा प्रयत्न केलेला, त्यामुळं मधली पानंच्या पानं कोरी. मी सगळं उपसलं. प्रत्येक फोटोला बिनरेघांचा एक तक्ता केला, वरच्या घरात फोटो, खालच्या घरात ओळ. असं केलं की फोटो कुठंही हलवा, त्याची ओळ त्याच्याबरोबर जाते. काम किचकट, पण मला आवडतं. कुणाखाली कुणाचं नाव यावं, हे नीट लागलं की जिवाला बरं वाटतं.

आणि मग आपला फोटो आला. खो-खोचा, नववीतला. बारामतीला जिल्ह्याची ढाल जिंकली त्या दिवशीचा. निळे टीशर्ट, सगळ्यांच्या गुडघ्यांना माती. मी मधे उभी आहे, दात काढून. तू डावीकडच्या टोकाला. तुझ्या शेजारी खेळाचे सावळाराम सर, आणि त्यांचा हात तुझ्या खांद्यावर. मी तो फोटो मोठा केला. तू हसत नव्हतीस, प्रगती. इतकी वर्षं हा फोटो शाळेच्या ऑफिसात भिंतीवर होता, आणि तू हसत नाहीस हे मला त्या दिवशी दिसलं.

हा फोटो पानभर घ्यायचा, असं तात्यांनी लिहून दिलं होतं. फोटोओळ अशी: “विजयी संघासोबत मुलींचे प्रेरणास्थान सावळाराम सर.” पुढं डावीकडून नावं, पण सुरुवात सरांपासूनच. मी डोकी मोजली, नावं मोजली. एक नाव कमी. तुझं. मला वाटलं, चुकून राहिलं. मी सगळ्यात आधी “प्रगती” घातलं आणि प्रूफ पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. निवृत्त झालेत, पण मानद प्रशिक्षक म्हणून रोज संध्याकाळी मैदानावर असतात, हे मला त्या दिवशी कळलं. केस काळे केलेले, गळ्यात शिट्टी. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या खुर्चीच्या मागं बसले. म्हणाले, “प्रतिक्षा बाळ, ही टोकाची पोरगी काढून टाक. ढाल जिंकली आणि हिनं पुढच्या स्पर्धेच्या तोंडावर संघ सोडला हुता. असल्यांचं नाव पुस्तकात कशाला?” समितीचं काम, समितीचा फोटो. मी कापायची रेघ डावीकडून आत सरकवायला लागले. पण तुला काढलं तरी खांद्यावरचा हात राहतो गं. रेघ थोडी आत घेतली तर तुझा अर्धा खांदा आणि त्यावर त्यांची चार बोटं. आणखी आत घेतली तर त्यांचाच दंड तुटतो. सर मागून सांगत होते, “अजून थोडं, अजून थोडं.” मग हसले. म्हणाले, “न्हाय तर माझा हातच कापावा लागंल बघ.” आणि पडद्यावर दाखवायला म्हणून पुढं वाकले, आणि तो हात माझ्या खांद्यावर ठेवला. अंगठा मानेवर.

प्रगती, मला किळस आली. मी सत्तावीस वर्षांची बाई, माझं दुकान, माझी खुर्ची, समोर माणसं, आणि ह्या माणसाला काहीच वाटत नाही. मी इतक्या जोरात उठले की खुर्ची त्यांच्या गुडघ्यावर आपटली. म्हटलं, “सर, हात काढा. परत लावायचा नाही.” ते म्हणाले, “अगं, लेकीसारखी तू मला.” मी म्हटलं, “लेकीएवढीच होते तेव्हाही तुम्ही असंच म्हणत होता.” सर उठले, स्टूल नीट जागेवर ठेवलं, आणि “तात्यांशी बोलतो” म्हणून गेले. ते स्टूल मी नंतर साबणानं धुतलं आणि तरीही उचलून बाहेर ठेवलं.

तात्यांनी मला शाळेत बोलावलं. अनिता मॅडम, आपल्या विज्ञानाच्या, आता मुख्याध्यापिका आहेत. त्याही होत्या. मी काय घडलं ते सांगितलं. नववीतलंही थोडं सांगितलं. मला वाटलं होतं तात्या चिडतील, नाहीतर मला खोटं पाडतील. ते तरी परवडलं असतं. त्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांनी फोटोचा सौदा सुरू केला. “पानभर नको तर अर्धं पान करू. प्रेरणास्थान नको तर मार्गदर्शक लिवू. कोपऱ्यात घे, बारीक घे, तुझ्या मैत्रिणीचं नाव बी ऱ्हाऊ दे. पण ही गोष्ट हितंच मिटव. पन्नास वर्षांचं पुस्तक हाय, गालबोट नको.” एवढ्या शांतपणे बोलत होते, जणू मला रंग आवडला नाही म्हणून मी रुसलेय. म्हणजे त्या माणसाची घाण पाव पानात बसवली की चालणार होती. मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मी हे पुस्तक करणार नाही, आणि कुणी केलं तर मी गप्प बसणार नाही. अनिता मॅडम खाली बघत होत्या. त्यांचीही मला तेव्हा शिसारी आली.

तिथून सरळ आईकडं गेले. आईला सगळं सांगितलं. माझी आई, सिंधुबाई, साध्या गोष्टीला कपाळाला हात लावणारी, ती पाटावर बसून शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “व्हय. आमाला ठावं हुतं. प्रगीच्या आईनं मला सांगितलं हुतं, रडत. म्हणून तर तुला खेळातनं काढली.” मला तर सांगितलं होतं, अभ्यासाला वेळ मिळत नाही म्हणून. मी म्हटलं, मग बाकीच्या पोरींचं काय? ती म्हणाली, “पोरीचं नाव खराब झालं की झालं. बोलून कुणाचं भलं हुतंय?” आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. गावातल्या चार-पाच घरांना माहीत होतं, प्रगती. त्यांनी आपापल्या पोरी काढून घेतल्या आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्या पोरी मैदानावर राहू दिल्या. मी आईच्या हातचं पाणीही न पिता आले. अजून तिच्याशी नीट बोलले नाही.

तू शाळेत येईनाशी झालीस तेव्हा आम्हाला वर्गात सांगितलं होतं की तुला कावीळ झाली. कावीळवाल्यानं ऊस खावा म्हणतात, म्हणून मी आमच्या रानातला चांगला ऊस सोलून, गंडेऱ्या करून, डब्यात भरून तुमच्या घरी आले होते. घराला कुलूप. शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, मामाकडं गेली, कोऱ्हाळ्याला. त्या गंडेऱ्या मी तुमच्या ओट्यावर बसून एकटीनंच खाल्ल्या आणि तुझ्यावर चिडले, सांगून गेली नाही म्हणून. पुढं बारामतीला त्या लग्नात आपण भेटलो, आठवतं? मी खो-खोचा विषय काढला आणि तू एकदम लेकराला भात भरवायला लागलीस. त्याचं पोट भरलं होतं, तो तोंड फिरवत होता, तरी तू भरवत राहिलीस. मला काहीतरी कळलं होतं. पण कळलेलं सगळं तोंडावर येतंच असं नाही.

आता पुढचं. त्या दिवशी दुकानात जी गिऱ्हाईकं होती त्यात निकिता नावाची एक बाई होती, मुलीच्या प्रकल्पाची पानं छापायला आलेली. सर गेले, बाकीचे गेले, ती गेली नाही. पानं हातात घेऊन उभीच. मग हळूच म्हणाली, “ताई, तुमी सरांना तसं का म्हणलात? माजी संस्कृती आठवीत हाय. खो-खोत हाय. मैदानावर जायचं म्हणलं की तिच्या पोटात दुखतंय. डॉक्टर म्हणत्यात काय न्हाय.” मी तिला बसवलं. काय सांगायचं, कसं सांगायचं, मला सुचेना. एवढंच म्हटलं की पोरीला रागावू नका, जवळ घेऊन विचारा, आणि ती जे सांगेल ते खरं माना. दोन दिवसांनी निकिता पोरीला घेऊन आली. काय झालं ते निकिताला सांगायची गरजच पडली नाही. पोरीची मान खाली, निकिताचा चेहरा दगडासारखा. म्हणाली, “ताई, पोलिसात जायाचंय. संगं येता का?”

गेलो. आणि एक गोष्ट मी लिहिली नाही तर तो अन्याय होईल: चौकीच्या दारात अनिता मॅडम उभ्या होत्या. निकितानं शाळेत जाऊन त्यांनाही सांगितलं होतं. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आज बोलते.” त्यांनी शाळेच्या वतीनं तक्रार दिली. सरांना नेलं. मैदान बंद नाही, मुलींना आता एक बाई शिकवतात. स्मरणिका थांबली. तात्यांची माणसं म्हणतात, टायपिंगवालीनं शाळेची अब्रू घालवली. शाळेच्या ओळखीची गिऱ्हाईकं येईनाशी झालीत. दुकानासमोरून जाणारे आत बघतात आणि मी बघितलं की मान फिरवतात. बघू देत. मला त्यांचं काही वाटत नाही. ज्यांना तेव्हा ठाऊक होतं आणि आता “बाई, असं कसं झालं” म्हणून तोंडावर पदर घेतात ना, त्यांची मात्र किळस जात नाही. जेवताना येते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पोलिसांतल्या मॅडमनी मला विचारलं, तेव्हाच्या मुलींपैकी आणखी कुणी आहे का? मी माझा जबाब दिला, प्रगती. माझा. मलाही, त्याच वर्षी, खांबाला वळसा घ्यायला शिकवताना. तुझ्या आधी की तुझ्या नंतर, मला माहीत नाही. आपण एका बाकावर बसत होतो, एका डब्यात जेवत होतो, आणि दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही. तुझं नाव मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. माझ्याकडून ते कुणाला कळणार नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. बोलायचं की नाही हे तुझं तू ठरव. घरी सांगायचं नसेल तर नको सांगूस. यायचं वाटलं तर मी बारामतीला येऊन तुला घेऊन जाईन. नाही वाटलं तर आपण हे पुन्हा कधीच काढायचं नाही, आणि मी तुझ्याकडं पूर्वीसारखीच येत राहीन. काल संस्कृती दुकानात आली होती. आईचा डोळा चुकवून मला विचारलं, “मावशी, तुमच्या वेळी अजून कोण होतं?” मी म्हटलं, “मी होते.” ती शेजारची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

तुझीच,
प्रतिक्षा