रहीमभाईंचा प्रश्न पहिला

दिग्रस, गुरुवार, १२ जानेवारी १९६१

आज जिंकले! दुकानातून नेलेलं औषध लोक घरी कसं घेतात, याचा अभ्यास करायला नागपूरच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या आहेत. गावातल्या सगळ्या कंपाउंडरांनी त्यांना परत पाठवलं. आमच्या दुकानातले कंपाउंडर रहीमभाईही अडून बसले. "भाभी, ही तपासनी हाय. कोनी पाहून राह्यलं की माहं माप चुकते."

मी म्हटलं, मग तुम्हीच त्यांना विचारा ना, पुन्हा भरायला परत आलेल्या बाटल्यांत औषधाचा गाळ काहून राहते? तो गाळ पाहून हे नेहमी चिडायचे. गेले त्या शेवटच्या आजारातही गाळाचंच बोलायचे.

रहीमभाईंनी विचारलं, "बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून चिकटवतो, पन लोक बाटली हालवतेत का नाही?"

बाई म्हणाल्या, "हाच आपला पहिला प्रश्न."

रहीमभाईंनी स्वतः स्टूल काउंटरच्या आत नेलं. "बसा. पन मापाच्या वक्ती बोलू नका."

ह्यांना छळणारा तोच गाळ, आणि आता कॉलेज त्याचा शोध घेणार! हे असते तर... असो.

संध्याकाळी समोरच्या दुकानातले कंपाउंडर आले. "वहिनी, बाईंले आमच्याकडं कवा पाठवता?"

मी म्हटलं, "थांबा आता, भाऊ. त्या आल्या तवा चहा बी नाही इचारला तुमी!"