एकूण सात

नाना, आज दुपारी माझा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल येणार आहे, दुसऱ्यांदा. मी जळगावच्या आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले आहे. फोन टेबलावर पालथा घातला आहे आणि औषधांच्या जुन्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला तुम्हाला लिहिते आहे. ही पाठकोऱ्याची सवय तुमचीच. दीपनगरच्या वीज केंद्रातून तुम्ही जुने लॉगशीट घरी आणायचात. एका बाजूला तुमचे तासातासाचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझी स्पेलिंगं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आधी थोडं समजावून सांगते. परदेशातल्या एका हॉस्पिटलने मला नर्स म्हणून घ्यायचं ठरवलं आहे. अट इंग्रजीच्या परीक्षेची. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला नऊपैकी गुण, आणि त्यांची सरासरी म्हणजे एकूण. महिनाअखेरपर्यंत निकाल पाठवला तर जागा माझी, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईची. मी त्रेचाळीसची आहे. पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

पहिला निकाल आला तेव्हा मी वॉर्डात होते. एका आजींना सलाइन लावलं, हात धुतले आणि फोन उघडला. सगळ्यात वर ठळक अक्षरात सात. मला सातच हवे होते. खाली बारीक अक्षरात आणखी काय काय होतं, पण ते बघायला थांबतंय कोण! दोंडाईच्याला आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "बठ्ठं मियीसन कितला उनात?" मी म्हटलं, सगळे मिळून सात. "मंग पास व्हयनी ना?" झाले, म्हटलं. संध्याकाळच्या आत तिने गल्लीभर साखर वाटली, आणि धुळ्याच्या मावशीने मला थंडीसाठी स्वेटर विणायला घेतलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेट्रन मॅडमनी चष्मा चढवून तो निकाल वाचला आणि म्हणाल्या, "अगं, लिहिण्यात साडेसहा आहेत तुला."

"पण एकूण सात आहेत, मॅडम."

"एकूण कोण मागतंय? त्यांचं पत्र दाखव."

पत्रात लिहिलं होतं, सेव्हन इन ऑल मॉड्यूल्स. ते पत्र मी पन्नास वेळा वाचलं होतं. पण ऑल म्हटलं की माझ्या डोक्यात आईचं बठ्ठं उमटतं, आणि बठ्ठं म्हणजे बठ्ठं मियीसन, सगळ्यांची गोळाबेरीज. त्यांना म्हणायचं होतं, चारांपैकी प्रत्येकात सात. इंग्रजीच्या परीक्षेची अट मी अहिराणीत वाचली होती, नाना. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते. तिथे मात्र पंख्याखाली मला घाम फुटला.

आणि लाज याची, की तुम्ही हा शब्द मला नीट शिकवला होता. मी सहावीत आहे. कामगारांच्या मुलांना केंद्र दाखवायचा दिवस आहे. तुम्ही मला मीटरच्या काट्यांनी भरलेल्या त्या लांबलचक पॅनेलसमोर उभं करता आणि विचारता, सांग, कसं चाललंय. मी मधला सगळ्यात मोठा काटा बघते आणि ऐटीत सांगते, बरोबर आहे. तुमच्या सोबत्यांसमोर तुम्ही मला झापता, "एक काटा देखीसन बठ्ठं बराबर शे म्हनू नको. बठ्ठा काटा वाच. एकेक." मग कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या काट्यावर बोट ठेवता. "हाऊ एक बिघडना ते बाकीना काय कामना?" मी रडवेली होते, तरी तुम्ही मला सोडत नाही. सगळेच्या सगळे वाचून घेता, लॉगशीटवर लिहूनही घेता. वॉर्डातल्या नव्या मुलींना मी आज हेच ऐकवते. नाडी बरी लागली म्हणून पुढच्या कॉटकडे पळू नका, लघवी किती झाली तेही बघा. त्या मुली मला मागे काय नाव ठेवतात, तेही मला ठाऊक आहे. आणि स्वतःच्या निकालातला मोठा काटा बघून मी साखर वाटू दिली.

त्यानंतर सगळे एकच धोशा लावून बसले, फेरतपासणी माग. इंग्रजीच्या क्लासचे सर म्हणाले, "मॅडम, लिहिण्यातला अर्धा गुण फेरतपासणीत वाढतो कधी कधी. तपासणाऱ्याकडूनही चूक होते." मी नाही म्हटलं आणि पुन्हा परीक्षेला बसले. मेट्रन मॅडम चिडल्या. चारही भाग नव्याने द्यायचे, म्हणजे ऐकण्यात मिळालेले साडेसातही हातचे जाऊ शकतात, त्यांचं बरोबरच होतं. पण तपासणाऱ्याची चूक नव्हती, हे मला माहीत होतं. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

फोन थरथरला, नाना.

उघडला. वरच्या ठळक आकड्यावर अंगठा दाबून धरला आणि खालचे एकेक वाचले. ऐकणं साडेसात. वाचणं सात. पुढच्या ओळीवर डोळे न्यायला धीर होईना. लिहिणं सात. बोलणं सात. पुन्हा वरून खाली वाचले, मग अंगठा काढला. एकूण? मागच्यासारखेच, सात. साडेसहाचं आईला मी सांगितलंच नव्हतं, तेव्हा तिला वेगळं काही कळवायचंच नाही. मधले पाच आठवडे तिच्यासाठी घडलेलेच नाहीत.

आता तुम्हाला सांगते. लिहिण्याच्या पेपरात एक पत्र असतं आणि एक निबंध. पत्राला वीस मिनिटं, एकही जास्त नाही, असं सरांनी घोकून घेतलं होतं. या वेळी बिघडलेल्या मिक्सरबद्दल दुकानदाराला तक्रार लिहायची होती. अठरा मिनिटांत उडवली. पण पहिल्या वेळी पडद्यावर प्रश्न आला, ज्यांनी तुम्हाला काम शिकवलं त्यांना पत्र लिहा. मी डियर नाना टाइप केलं. पुढचं वाक्य क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं, तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. बोटं तिथेच थांबली. दुसरं काहीही लिहिता आलं असतं, पण मला तेच लिहायचं होतं. निबंध अर्धवट राहिला तो त्यामुळे. ते एक वाक्य लिहायला मला अकरा मिनिटं लागली, आणि लिहून झाल्यावर क्षणभर मला ते खरं वाटलं.