उलाळ गाडीची लिव्हर

जवळा बाजार,
१४ ऑक्टोबर २००५

प्रिय सोनाजी,

वॉटर स्कूटरच्या त्या लिव्हरला किती लागलं, असं परवा हॉटेलात एकानं विचारलं. लोक म्हणतात भंगारातून झाली, फुकटात. मी घरी येऊन खरा हिशेब मांडला. मोडक्या लुनाची ब्रेकची मूठ, जुन्या मोटरसायकलची क्लच वायर, फवारणी पंपाची स्प्रिंग, पत्र्याची एक कडी, माझ्या अंगठ्याचं नख आणि सात आठवडे. शिवाय आपल्या दुकानाच्या पाटीवरचं एक नाव. ते अजून खरवडलेलं नाही, हे आधीच सांगतो. पेंटर दोनदा आला, दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवला.

तुझा फोटो पेपरात आला. तुझ्या जिवनवहिनीनं तो कापून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि भाकरी वाढत राहिली. मालवणच्या वाळूत सहा वॉटर स्कूटर रांगेनं, आणि मधे तू, गॉगल लावून! खाली तुझं बोलणं छापलंय : "गाडी उलाळ झाली की नाक वर जातं, हे मला एकदम सुचलं." सोनाजी, मूठ घे, वायर घे, फोटो घे. पण उलाळ हा शब्द तुझा नाही रे. तुझ्या बापानं जन्मभर शिलाई मशीन चालवली. तुमच्या दारात बैलगाडी होती कधी?

आठव जरा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो ठेकेदार सिद्धेश्वरच्या धरणावर ती जुनी वॉटर स्कूटर घेऊन आला. लोकांना पाण्यात फिरवायचं म्हणून. वेग घेतला की तिचं नाक वर उठायचं आणि ती बेडकासारखी टणाटणा उड्या मारायची. वळवायला गेलं की माणूस पाण्यात. नांदेडहून आलेल्या मिस्त्रीनं इंजिन दोनदा उघडलं. मग कुणीतरी आपलं नाव सांगितलं. मी काठावर डोळे मिटून नुसतं ऐकलं. इंजिन बराबर होतं. प्रत्येक उडीला मागचा पंप पाण्याऐवजी हवेचा घोट घेत होता. मी म्हटलं, "हिला काही रोग न्हाई, ही उलाळ झालीय." ठेकेदार हसला. तूही हसलास, आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "उलाळ म्हंजे काय रे, रामसिंग?"

मी सांगितलं. आमच्या तांड्यावर बाप गाडी भरायचा तेव्हा ओझं मागं जास्त झालं की जू वर उठायचं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा लागायचा. बाप एकच पोतं पुढं सरकवायचा, गाडी सरळ. पाण्यावर पोतं कुठून सरकवणार? म्हणून मागून पाण्याची धार ज्या तोंडातून सुटते, ते तोंडच हातानं खाली-वर करायचं. धार खालच्या अंगाला मारली की मागचा भाग उचलतो आणि नाक दबतं. मूठ दाबली की नाक खाली, सोडली की स्प्रिंग तोंड जागेवर आणणार. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याला याहून सोपं काय सुचणार? पण ती कडी तुझ्यासारखी कुणी जोडली नसती, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

नंतर मी बाजारभर मिरवलो, ते खोटं कशाला बोलू. आठवडी बाजारात सेनगावचे लोक खास लिव्हरची गोष्ट ऐकायला थांबायचे. मी सांगायचो की भर धरणात, पंचवीस पुरुष खोल पाण्यावर, एका हातानं चालवून मी तिची वायर अर्ध्या अर्ध्या आट्यानं बराबर केली. उत्तमराव अडत्यानं तर मला "कप्तान" म्हणायला सुरुवात केली. तू शेजारी बसून चहा ढवळायचास. साखर केव्हाच विरघळलेली असायची. तेव्हाच मला ऐकू यायला पाहिजे होतं.

ऐकू आलं ते महाशिवरात्रीच्या आदल्या दुपारी. दुकानामागं तू आणि ठेकेदार, मधे एक पत्रा. तुला वाटलं मी पंपाच्या आवाजात आहे. पंप मी तेवढ्यातच बंद केला होता. ठेकेदार म्हणाला, "समुंदर पे छे गाड़ियाँ हैं, दोनों आ जाओ." आणि तू म्हणालास, "रामसिंग कशाला? त्याला नुसते फवारे उघडता येतात. डोकं माझंच हाय." दुसऱ्या दिवशी वसमतला बेअरिंग आणायला जातो म्हणून तू जीपमध्ये बसलास. मी तुला बेअरिंगचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. सगळं माहीत असून लिहून दिला. तू चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवलीस, "संध्याकाळला येतो" म्हणालास. चौदा वर्षं एका पत्र्याखाली बसलो आपण. तोंडावर म्हणाला असतास तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि मग तुझी पेटी जीपवर चढवली असती.

हे सगळं मनातच ठेवणार होतो. पण गेल्या बुधवारी धरणावरच्या स्कूटरवर रणजीत होता, होडीवाल्या किशनरावांचा थोरला. भर वेगात त्यानं मूठ दाबून सोडली आणि नाक वर आलंच नाही. स्कूटर पाण्यात घुसली, रणजीत मुठीवरून पुढं फेकला गेला. हनुवटीला सात टाके, दोन दात गेले. वाचला. मी उघडून पाहिलं. वायर आवरणाच्या आत गंजून फुगलीय, आपली स्प्रिंग तिला ओढू शकत नाही. हे आपल्या गोड्या पाण्यात, वर्षाच्या आत. तुझ्या सहा गाड्या खाऱ्या पाण्यात आहेत, आणि दिवाळीला तिथं लेकराबाळांची गर्दी होणार. तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर सहाही लिव्हर काढ. वायर आणि स्प्रिंग दोन्ही फेक. पितळेची सरळ सळई घाल, म्हणजे ओढलं की हातानंच खाली आणि ढकललं की हातानंच वर. मागच्या पानावर चित्र काढलंय, मापं तुझ्या सवयीच्या सुतात. ठेकेदाराला सांगताना माझं नाव घेऊ नकोस, नाही तर तो म्हणेल फवारेवाल्याला काय कळतं. तुलाच सुचलं म्हण. चालवणाऱ्याचं तो ऐकेल, आणि त्या सात आठवड्यांत तेवीस वेळा पाण्यात पडलास तो तू. मला पोहता येत नाही; त्या स्कूटरवर मी एकदाही बसलो नाही.

अजून तरी तुझाच,
रामसिंग