खिशातली चिठ्ठी

मामाजी, तुम्ही माझे खरे मामा नव्हता. गावात सगळेच तुम्हाला मामाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आज मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी मी बौद्धाचार्याचं काम सोडलं. आता लग्न लावायला जात नाही, नामकरणाला नाही, मयताच्या विधीलाही नाही. गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगितलं. ते खरंच दुखतात, पण काम सोडलं ते त्यासाठी नाही. माझ्या डोक्यात नावं राहीनाशी झाली.

तुमची पद्धत अजून डोळ्यांसमोर आहे. कोणाकडे मयत झालं की तुम्ही बाहेर मांडलेल्या खुर्चीवर कधी बसला नाहीत. सरळ आत चुलीपाशी जायचात, घरच्या बायांजवळ खाली बसायचात आणि विचारायचात, याला काय आवडे, कशावरून चिडे. कोणी सांगे, लाखोळीच्या डाळीत मिरची कमी पडली की ताट सरकवून देत. बाया रडता रडता हसायच्या. दिवसभर बिड्या वळणारी तुमची बोटं तेवढा वेळ मांडीवर गप्प पडलेली असत. मी तेव्हा पोस्टात नवाच लागलो होतो. तुमच्या हाताखालच्या पहिल्याच विधीला मी मेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "काऊन गा, पत्ता लिहून आणलास का? माणूस मेला हाय, पार्सल नाही. त्याच्या घरी बस. नाव डोक्यात बसत नाही तोवर उठू नको." लोक हसले. मी चिठ्ठी खिशात घातली. त्यानंतरही मी दर वेळी लपवून चिठ्ठी नेतच राहिलो, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

ते लग्न उन्हाळ्यातलं होतं. सडक अर्जुनीच्या पुढे, रस्त्यापासून आत. मांडवात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत तुमच्यासमोर उभे आहेत. त्रिशरण झालं, पंचशील झालं. प्रतिज्ञेसाठी नवरीचं नाव घ्यायची वेळ आली आणि तुम्ही थांबता. तुम्ही वर मांडवाच्या बांबूकडे बघता, मग माझ्याकडे. मागून वऱ्हाडातला कोणी ओरडतो, "बुढा उभ्या उभ्या झोपला का बे?" हशा होतो. मी पुढे होतो, तुमच्या हातातलं विधीचं पुस्तक काढून घेतो, खिशातली चिठ्ठी उघडतो आणि मोठ्या आवाजात नाव वाचतो. पुढचं सगळं लग्न मीच लावतो. तुम्ही बाजूच्या खुर्चीवर बसून राहता, हात मांडीवर ठेवून.

परत येताना तुम्ही माझ्या सायकलच्या मागे बसला होता. मग म्हणालात, "वाचलंस बरोबर." एवढंच. तुमच्या बायकोने जुन्या लुगड्याचा कपडा शिवून ज्याला आवरण घातलं होतं ते पुस्तक माझ्याकडेच राहिलं. तुम्ही ते मागितलं नाही आणि मी दिलं नाही. त्यानंतर लोक मलाच बोलवू लागले. मामाजींना बोलवा, असं मी एकालाही म्हणालो नाही. पोस्टातून घरी जाताना वाटेत तुमचं दार लागायचं. तुम्ही ओसरीवर मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापत बसलेले असायचात. मी सायकलची घंटी वाजवायचो, पण कधी उतरलो नाही. दोन वर्षांनी तुमचा विधीही मीच केला. आत चुलीपाशी बसलो नाही.

मागच्या महिन्यात त्या लग्नातल्या नवऱ्याच्या घरून निरोप आला. ती नवरी गेली होती, नातवंडं मोठी करून. मी काम सोडलं आहे असं सांगता आलं असतं, पण त्या घराला नाही म्हणता येईना. आणि एक सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी चिठ्ठी नेली नाही. बाकी सगळी नावं गेली तरी हे जाणार नाही, इतकी मला खात्री होती. मी आत जाऊन सुनांजवळ बसलोही. ती शेवटपर्यंत स्वतःच अंगण सारवायची आणि कोणी ओल्यात पाय ठेवला की बोंब मारायची, असं त्यांनी सांगितलं. मग बाहेर फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, लोक हात जोडून बसले आणि मी नाव घ्यायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. वर पाहिलं तर छपराचे पत्रे होते.

तेव्हा तिचा नवरा भिंतीला धरून उठला. म्हणाला, "थांबा. नाव मी घेतो. जिती होती तोवर 'ऐकून राहिली का' एवढंच म्हटलं तिले." आणि त्याने नाव घेतलं. दोनदा. बापाच्या तोंडून आईचं नाव कधी न ऐकलेल्या लेकी ओक्साबोक्शी रडू लागल्या.

निघताना मी त्याला म्हटलं, "मी विसरलो होतो."

"मले दिसलं. मामाजीचंही असंच झालं होतं ना." मग माझा हात धरून म्हणाला, "आमची बुढी काय म्हणे, मालूम? म्हणे, त्या पोरानं पुस्तक हिसकलं कायले? जरा थांबला असता तर मीच सांगितलं असतं माझं नाव."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जेवून जा म्हणाला, मी जेवलो. पण मामाजी, तेव्हापासून भरदुपारीही मला तुम्ही मांडवात वर बघताना दिसता. मग माझ्याकडे बघता. पुस्तक घे, असं तुम्ही मला सांगत आहात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

हे पत्र टाकायला जागा नाही, हे पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं. तरी सवयीने पाकीट घेतलं. त्यावर तुमचं खरं नाव लिहायला मला खिशातली चिठ्ठी काढावी लागली.